टिळक एअर सॅम्पलर घ्यावा का? वापरून लिहिलेला रिव्ह्यू

टिळक एअर सॅम्पलर (हवेतले बुरशीचे स्पोअर म्हणजे बीजाणू टेपवर पकडणारं मशीन) घ्यावा का असं मला सारखं विचारलं जातं, बॉटनीत पीएचडी करणारी पोरं विचारतात, हल्ली शेतकरी कंपनीवाले पण विचारायला लागलेत, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. मी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात बॉटनी शिकवतो आणि हे मशीन गच्चीवर पण लावलंय आणि भुईमुगाच्या शेताच्या बांधावर पण लावलंय. मला ते मनापासून आवडतं. शेतावरच्या हवेत रोगाची बुरशी आली का हे बघायचंय आणि हातात मोठी ग्रँट नाही, अशा माणसाला यापेक्षा चांगली सुरुवात मला तरी माहीत नाही. पण ते काय सांगतं आणि काय सांगत नाही हे आधी समजून घ्या, मगच पैसे टाका.

पहिलं म्हणजे हे आपल्याकडचं मशीन आहे आणि याचा मला अभिमान आहे. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात बॉटनीचे प्रा. एस. टी. टिळक होते, त्यांनी आणि कुलकर्णींनी १९७० मध्ये याचा पेपर छापला. त्याच्या आधी जगभर जे मशीन मानलं जायचं (आणि आजही मानलं जातं) ते इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रातल्या जिम हर्स्टचं, १९५२ चं, त्याच धर्तीचं बर्कार्ड कंपनीचं सात दिवसांचं मशीन आज सगळीकडे चालतं. ते बाहेरून मागवायचं म्हणजे कॉलेजच्या बजेटबाहेरची गोष्ट. टिळक सरांनी इथल्या लाईटवर चालेल, इथल्या वर्कशॉपमध्ये बनेल आणि बाजारात मिळणाऱ्या सेलोटेपवर काम भागेल असं मशीन केलं, म्हणून तर मराठवाड्यातल्या गावोगावच्या कॉलेजांतून ज्वारी, बाजरी, भुईमूग, गहू अशा पिकांवरच्या हवेचा अभ्यास झाला. त्या थिसिस लायब्ररीत धूळ खात पडल्यात पण त्यात खरोखर कामाची माहिती आहे, कोणीतरी त्या स्कॅन करायला पाहिजेत.

आता मशीन कसं चालतं ते. धातूची पेटी, आत पंखा, पंखा हवा ओढतो, हवा पुढच्या नळीतून आत येते आणि समोर फिरणाऱ्या ड्रमवर आदळते. ड्रमवर पारदर्शक टेप गुंडाळलेली असते आणि तिच्यावर व्हॅसलीनचा पातळ थर. हवा वळून निघून जाते, पण स्पोअर जड असतो, त्याला तेवढ्या झटक्यात वळता येत नाही, तो टेपला जाऊन चिकटतो. ड्रम घड्याळाच्या यंत्रावर आठ दिवसांत एक चक्कर पूर्ण करतो. आठ दिवसांनी टेप काढायची, १६ सारखे तुकडे करायचे, म्हणजे प्रत्येक तुकडा १२ तासांचा, एक दिवसाचा एक रात्रीचा. तुकडा काचेवर ग्लिसरीन जेलीत बसवायचा, वर कव्हरस्लिप, आणि मायक्रोस्कोपखाली मोजत बसायचं. एवढंच. मशीन मिनिटाला ५ लिटर हवा ओढतं म्हणजे दिवसाला ७.२ घनमीटर हवा, त्यावरून घनमीटरमागे किती स्पोअर ते काढता येतं आणि हाच याचा खरा फायदा आहे. नुसती व्हॅसलीनची काच उघड्यावर ठेवली तरी स्पोअर पडतातच, पण किती हवेतून पडले ते कळत नाही आणि मोठे जड स्पोअर जास्त पडतात, बारीक वाऱ्याबरोबर निघून जातात, त्यामुळे तो आकडा दुसऱ्या कशाशी ताडून बघता येत नाही.

एक सांगतो, बऱ्याच थिसिसमध्ये घनमीटरचा हिशोब काढायला मोजलेल्या स्पोअरच्या आकड्याला सरळ १४ ने गुणलेलं असतं आणि पुढची पोरं तेच उचलतात. असं करू नका. तुमच्या मशीनची ओढ खरोखर ५ लिटर आहे का ते फ्लोमीटर (हवा किती ओढली जाते ते मोजणारं साधन) लावून बघा, तुमच्या मायक्रोस्कोपमध्ये टेपचा किती भाग मोजला ते मोजा आणि तुमचा गुणक तुम्ही काढा. पंखा जुना झाला, नळीत कोळ्यानं जाळं केलं की ओढ कमी होते आणि मग सगळी रीडिंग खोटी पडतात. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) पण हाच प्रश्न येतो.

लाईटचा विषय जरा लांबवून लिहितो कारण इथेच लोक फसतात. मशीन एसी करंटवर चालतं. आपल्याकडे शेतीच्या फीडरला दिवसभर लाईट नसते, कधी रात्रीची पाळी असते कधी दिवसाची, म्हणजे विहिरीच्या मोटरच्या बोर्डावरून कनेक्शन घेतलं तर अर्धा वेळ पंखा बंद. आणि आमच्या मशीनचा ड्रम लाईटशिवाय चालणाऱ्या घड्याळावर आहे ना, तो फिरतच राहतो! म्हणजे टेपवर मोकळी जागा दिसते आणि ज्याला माहीत नाही तो लिहून मोकळा होतो की त्या रात्री हवेत स्पोअर नव्हते. म्हणून लाईट कधी गेली कधी आली याची वही ठेवायचीच, शक्यतो गावठाणच्या लाईनवरून कनेक्शन घ्यायचं, नाहीतर बॅटरी-इन्व्हर्टर लावायचा, पंखा छोटा असतो त्यामुळे जास्त खर्च येत नाही. काही जण घड्याळ बिघडलं की त्याच्या जागी लाईटवर चालणारी मोटर बसवून घेतात, ते मला अजिबात पटत नाही, कारण मग लाईट गेली की पंखा पण थांबतो आणि ड्रम पण थांबतो, टेपवर मोकळी जागाच दिसत नाही आणि पुढचं सगळं टायमिंग सरकतं, मंगळवारचे स्पोअर सोमवारच्या नावावर जातात आणि ते तुम्हाला कळत पण नाही. घड्याळच पाहिजे. घड्याळ दुरुस्त करणारे आता कमी राहिलेत हे खरंय, तरी शोधा.

आता मुख्य गोष्ट, रोग पकडतो का? भुईमुगाचं सांगतो कारण ते मी जवळून बघितलंय. टिक्का माहितीच आहे सगळ्यांना, पानावर ठिपके, मग पानगळ. टिक्का दोन बुरशींमुळे होतो, लवकर येणारा आणि उशिरा येणारा, आणि दोघांचे स्पोअर टेपवर वेगळे ओळखता येतात, लवकर येणाऱ्या बुरशीचा (सर्कोस्पोरा) स्पोअर लांब सुईसारखा, आत बरेच आडवे पडदे असलेला, उशिरावाल्याचा आखूड आणि जाडसर. स्पोअर पानावर पडला की लगेच ठिपका येत नाही, अनुकूल हवा असली तर साधारण १० ते १४ दिवस जातात. म्हणजे टेपवर स्पोअर वाढताना दिसले आणि पाऊस-दव चालू असलं तर तुमच्या हातात थोडे दिवस आहेत, आणि मँकोझेब किंवा क्लोरोथॅलोनिलसारखं वरून संरक्षण करणारं औषध ठिपके यायच्या आधीच मारलं तर खरं उपयोगी पडतं, पान पिवळं पडल्यावर मारून काय फायदा. सकाळी दव सुकताना आणि पाऊस सुरू होताना हे स्पोअर हवेत जास्त सुटतात, त्यामुळे दिवसाचा तुकडा आणि रात्रीचा तुकडा यात फरक स्पष्ट दिसतो, तो पहिल्यांदा बघितला की माणूस या कामाच्या प्रेमात पडतो.

गावात आता हवामान स्टेशन बरेच ठिकाणी लागलेत, द्राक्षवाल्यांकडे तर पान किती तास ओलं राहिलं ते मोजणारे सेन्सर आहेत, मोबाईलवर मेसेज येतो की डाऊनीला (केवडा रोगाला) हवा अनुकूल आहे. चांगलंच आहे ते. पण ते फक्त हवेबद्दल सांगतं, रोगाचं बी तुमच्या बागेवर आलंय का हे त्याला माहीत नसतं, आणि बी नसताना फक्त ढगाळ हवा बघून औषधं मारत राहणं म्हणजे पैसा पण जातो आणि द्राक्षात औषधाचा अंश पण राहतो. टेप बघितली तर बी आलंय का ते दिसतं. दोन्ही एकत्र वापरलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. फक्त द्राक्षाच्या बाबतीत एक अडचण आहे, डाऊनीचे स्पोअर रंग नसलेले पातळ भिंतीचे असतात आणि टेपवर लवकर चिमतात, नवख्याला दिसतच नाहीत, तेव्हा रंग (कॉटन ब्लू) वापरल्याशिवाय डाऊनी नाही असं लिहू नका. भुरीचे पण रंगहीन असतात पण जरा मोठे, सवयीनं जमतं. तांबेरा सगळ्यात सोपा, नारिंगी-तपकिरी, अंगावर बारीक काटे, एकदा बघितला की विसरत नाही.

तांबेऱ्यावरून आठवलं, आपल्या देशात हवेतून रोग येतो हे ज्यांनी दाखवलं ते आग्र्याचे के. सी. मेहता, त्यांचं नाव आपल्याकडच्या पोरांना माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं. गव्हाचा काळा तांबेरा मैदानातल्या उन्हाळ्यात टिकू शकत नाही, मग दर वर्षी येतो कुठून? तर तो निलगिरी आणि पळणीच्या डोंगरातल्या थंड हवेत जिवंत राहतो आणि तिथून वाऱ्यावर उत्तरेकडे येतो. आपल्याकडे महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्याचं संशोधन केंद्र आहे ते काय उगाच नाही. आणि त्याच्याही आधी, १८७३ मध्ये, कनिंगहॅम नावाच्या डॉक्टरनं कलकत्त्यात हवेतले स्पोअर पकडून त्यांची चित्रं काढली होती, त्याला कॉलरा वगैरे रोगांशी हवेचा संबंध लागतो का बघायचं होतं, तो काही लागला नाही पण चित्रं राहिली. म्हणजे हे काम आपल्या मातीत जुनं आहे, कोणीतरी परदेशातून आणून दिलेलं फॅड नाही.

मर्यादा. पहिली आणि मोठी, स्पोअर जिवंत आहे का मेलेला ते टेपवरून कळत नाही. ते पाहिजे तर अँडरसन सॅम्पलर लागतो, तो हवा चाळणीसारख्या भोकांतून सरळ प्लेटमधल्या मीडियावर (बुरशी वाढवायच्या खाद्यावर) सोडतो, मिनिटाला २८.३ लिटर, मग कॉलनी वाढतात आणि त्या मोजायच्या. पण तिथे पण भानगड आहे, तांबेरा आणि भुरी यांना जिवंत पानच लागतं, त्या प्लेटवर वाढतच नाहीत, म्हणजे शेतीसाठी अँडरसन अर्धाच कामाचा.

दुसरी मर्यादा, बारीक स्पोअर. अस्परजिलस आणि पेनिसिलियम या बुरशींचे स्पोअर साधारण दोन ते पाच मायक्रॉनचे गोल, मायक्रोस्कोपखाली एकमेकांपासून वेगळे सांगता येत नाहीत, त्यामुळे सगळे लोक अस्परजिलस-पेनिसिलियम असा एकच गट लिहितात आणि तेच बरोबर आहे. वरून एवढे हलके की हवेबरोबर वळून निघून जातात, टेपवर कमी चिकटतात. हर्स्टच्या मशीनमध्ये पण साधारण चार मायक्रॉनच्या खाली पकड ढिली होते, इथे तर ओढच निम्मी आहे. २०२१ मध्ये काळ्या बुरशीनं म्हणजे म्युकरमायकोसिसनं महाराष्ट्रात लोक गेले, डोळे गेले, तेव्हा मला बऱ्याच जणांनी विचारलं की तुमचं मशीन दवाखान्याबाहेर लावून सांगता येईल का. नाही सांगता येणार. म्युकरच्या कुळातले स्पोअर टेपवर साध्या गोल दाण्यासारखे दिसतात, त्यावरून नाव लावणं धोक्याचं आहे, आणि माणसाच्या जिवाचा प्रश्न असेल तर कल्चर (बुरशी लॅबमध्ये वाढवून बघणं) आणि डीएनए याशिवाय काही बोलू नये. तिथे दुसऱ्या प्रकारचं सॅम्पलर लागतं, हवा गोल फिरवून स्पोअर छोट्या ट्यूबमध्ये गोळा करणारं, मग ट्यूबमधून डीएनए काढून पीसीआर, म्हणजे डीएनएवरून बुरशी ओळखायची टेस्ट. नाव अचूक मिळतं, पण प्रत्येक बुरशीसाठी आधी ठरवून टेस्ट लावावी लागते, तुम्ही जे शोधलं नाही ते दिसत नाही. टेपवर मात्र जे आलं ते सगळं समोर असतं, मी शोधत नसलेल्या गोष्टी पण दिसतात आणि ती टेप वीस वर्षांनी परत बघता येते.

दम्यावाल्यांसाठी थोडं. अल्टरनेरिया आणि क्लॅडोस्पोरियम या दोन बुरशींचे स्पोअर टेपवर भरपूर दिसतात आणि दोन्ही ॲलर्जीवाले आहेत. घनमीटरमागे अल्टरनेरिया १०० आणि क्लॅडोस्पोरियम ३००० च्या वर गेले की त्रास होऊ शकतो असे आकडे पुस्तकांत देतात, माणसागणिक फरक पडतो तो वेगळा. हे दोघं कोरड्या हवेचे, दुपारी जास्त. आणि मळणी! सोयाबीनची, बाजरीची मळणी चालू असली की टेप काळी होते अक्षरशः, क्लॅडोस्पोरियम, अल्टरनेरिया, काणीचे स्पोअर, सगळं एकदम. मळणी यंत्रावर काम करणाऱ्या बायामाणसांनी तोंडाला ओला फडका तरी बांधावा हे मी दर हंगामाला सांगतो, चांगला मास्क मिळाला तर फारच उत्तम. मोबाईलवरच्या एक्यूआयमध्ये (हवेच्या प्रदूषणाच्या आकड्यात) हे काही येत नाही, त्यात धूळ, धूर सगळं वजनात एकत्र मोजलेलं असतं, बुरशी किती ते वेगळं कळत नाही. पण म्हणून घरात दम्याचा पेशंट आहे म्हणून हे मशीन विकत घेऊ नका, मोजायला शिकलेलं माणूस नसेल तर त्या टेपचा काही उपयोग नाही, तेवढे पैसे डॉक्टरकडे आणि इन्हेलरवर घाला.

तिसरी मर्यादा वेळेची. आठ दिवस थांबा, मग कापा, मग मोजा, रिपोर्ट हातात येईपर्यंत रोग पानावर आलेला असतो. संशोधनाला चालतं, फवारणीच्या निर्णयाला चालत नाही. त्यामुळे शेतासाठी वापरणार असाल तर दर दोन-तीन दिवसांनी टेप बदला, आठ दिवसांची वाट बघू नका, आणि सगळे स्पोअर मोजायचा अट्टाहास पण सोडा, तुमच्या पिकाचे दोन-तीन रोग तेवढे बघा, मग एक तुकडा लवकर होतो. तासातासाचा हिशोब पाहिजे असेल तर मात्र बर्कार्डच लागेल, त्यात टेप तासाला २ मिलिमीटर सरकते आणि मिनिटाला १० लिटर हवा ओढते, शिवाय त्याला वाऱ्याकडे तोंड वळवणारं शेपूट असतं. आमच्याकडच्या मशीनला ते नाही, त्यामुळे वारा मागून आला तर पकड कमी होते, म्हणून आम्ही नळीचं तोंड हंगामातल्या मुख्य वाऱ्याकडे करतो, पावसाळ्यात नैऋत्येकडे, आणि तशी नोंद ठेवतो.

वापराच्या बारीकसारीक गोष्टी. व्हॅसलीन किंचित गरम करून बोटानं एकदम पातळ लावायचं, जाड लावलं तर स्पोअर आत बुडतात आणि फोकस होत नाहीत, उन्हाळ्यात तर ओघळतं, मग त्यात थोडं पॅराफिन मेण मिसळायचं. टेप एकदम पारदर्शक घ्या, पिवळट पडणारी नको. जेली ओतताना बुडबुडे येऊ देऊ नका, बुडबुडा आणि गोल स्पोअर यात नवीन पोरं गोंधळतात. पेटीवर पावसाचं छप्पर, पायांना मुंग्यांसाठी ग्रीस. शेजारी उकिरडा, कडब्याची गंजी असलं काही नको, नाहीतर शेताची हवा सोडून तुम्ही गंजीचीच हवा मोजाल. उंची, पिकाचं बघायचं तर पिकाच्या शेंड्याच्या जरा वर, गावाच्या हवेचं बघायचं तर गच्चीवर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रेफरन्स स्लाईड. मशीन घेण्याआधी आपल्या भागातल्या रोगट पानांवर टेप चिकटवून, उचलून, प्रत्येक रोगाची स्लाईड करून नावासकट ठेवा. पुस्तकातल्या चित्रावरून ओळखता येत नाही, खरंच येत नाही. निग्रोस्पोरा मोहरीसारखा काळा तुकतुकीत असतो म्हणून पटकन कळतो, कर्व्ह्युलेरिया वाकडा आणि मधला कप्पा फुगलेला, पण बाकीचे तपकिरी पडदेवाले दहा प्रकारचे स्पोअर सारखेच वाटतात सुरुवातीला, त्यात गाजर गवताचे आणि बाकी गवतांचे परागकण पण असतात. महिनाभर नुसतं बघत बसलात की नजर बसते. आमच्या डिपार्टमेंटमधल्या एका मुलीची नजर इतकी तयार झालीये की टेपचा तुकडा बघून ती सांगते शेजारी भुईमूग आहे का ज्वारी.

रेटिंग द्यायचं तर कॉलेज आणि पीएचडीसाठी ५ पैकी साडेचार. शेतकरी कंपनीसाठी साडेतीन, तेही मोजणारं माणूस पगारावर ठेवणार असाल तरच, एका गावात एक मशीन आणि एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी असं केलं तर चार पण देईन. दवाखान्यासाठी, घरासाठी घेऊ नका.

बनवणाऱ्यांकडे दोनच मागण्या आहेत. नळीवरच एक छोटा फ्लोमीटर द्या म्हणजे ओढ किती आहे ते रोज दिसेल, आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा पंखा द्या, सोलर पॅनल आम्ही लावू. घड्याळ मात्र आहे तसंच ठेवा. आणि जे नवीन घेणार आहेत त्यांनी ऑर्डर देतानाच जादा ड्रम मागून घ्या, एक मशीनवर असताना दुसरा टेप लावून तयार ठेवता येतो, बदलायला पाच मिनिटं लागतात आणि मधला वेळ वाया जात नाही.